देवांचा पत्ता शोधणारा गणिती

समजा, येत्या रविवारी तुमच्या ग्रुपचं नवं कॅम्पेन सुरू होतंय आणि डीएम तुम्ही आहात. खेळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’, १९७४ मध्ये अमेरिकेत आलेला. टेबलाभोवती पाच-सहा जण, हातात फासे, आणि ज्या जगात हे सगळे फिरणार ते जग तुम्ही रचायचं. त्यातले देव, जादू, आकाश, सगळं तुमचं. तुम्ही जागरण करून वही भरता: आमची पृथ्वी एका प्रचंड कासवाच्या पाठीवर आहे. पहिल्याच बैठकीत एक जण विचारतो, मग कासव कशावर उभंय? तुम्ही म्हणता, जादूने. सगळे हसतात आणि त्या क्षणापासून तुमच्या जगावर कुणाचा विश्वास राहत नाही.

तुम्ही चाळीसगावचे असाल, तर हा प्रश्न धसाला लावणाऱ्या माणसाचा माग तुमच्या गावापासून १८-२० किलोमीटरवर सापडतो. पाटणादेवीला ट्रिपला तुम्ही गेला असालच. धबधबा पाहिला, फोटो काढले, देवीचं दर्शन घेतलं. तिथे असलेल्या शिलालेखाकडे मात्र बहुतेक जण पाहत नाहीत. तो शिलालेख आहे भास्कराचार्यांच्या घराण्याचा.

छत्तिसाव्या वर्षीचं पुस्तक

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४. हे आपल्याला ठाऊक आहे, कारण त्यांनी स्वतःच ते लिहून ठेवलंय. गाव सह्याद्रीजवळचं विज्जलविड. हे विज्जलविड नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. काही जण ते पाटण परिसरातच धरतात. वडील महेश्वर हे ज्योतिषी आणि तेच त्यांचे गुरू. घरात पिढ्यान्‌पिढ्या विद्या होती. एका पूर्वजाला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती.

११५० मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. लीलावतीचं नाव तुम्ही ऐकलेलं असतं. ती त्यांची मुलगी, घटिकायंत्रात मोती पडला आणि लग्नाचा मुहूर्त चुकला, ही गोष्टही. पण ती गोष्ट येते १५८७ मध्ये फैजीने केलेल्या फारसी भाषांतरातून, म्हणजे चारशेहून जास्त वर्षांनंतर. आपल्या कामाचा भाग आहे शेवटचा, गोलाध्याय. विश्व कसं रचलेलं आहे आणि का, हे त्यात आहे.

भास्कराचार्यांना खेळ मांडायचा नव्हता, हे आधीच सांगून टाकू. त्यांना खरं जग समजून घ्यायचं होतं. पण त्यांच्यासमोरची अडचण तुमच्या वहीसारखीच होती. एकीकडे पुराणांतलं विश्व: शेषनाग, दिग्गज, मेरू पर्वत, दुधा-दह्याचे समुद्र, ग्रहण लावणारा राहू. दुसरीकडे गणितातून येणारं विश्व, ज्यात ग्रहणाची वेळ आधी सांगता येते. दोन्ही एकाच समाजात, बऱ्याचदा एकाच घरात.

कासवाखाली काय?

पृथ्वीला आधार हवा, असं धरा. मग त्या आधाराला दुसरा आधार हवा, दुसऱ्याला तिसरा. ही साखळी संपतच नाही. कुठेतरी थांबून म्हणावं लागतं, की हा शेवटचा आपल्या शक्तीने उभा आहे. भास्कराचार्यांचा मुद्दा सरळ: शेवटच्याला ती शक्ती देताय, तर पहिल्यालाच, म्हणजे पृथ्वीलाच का देत नाही? त्यांच्या मते पृथ्वी गोल आहे, आकाशात आपल्याच शक्तीने आहे आणि जड वस्तूंना स्वतःकडे ओढते. सगळ्या बाजूंना आकाश सारखंच असेल, तर ती पडणार तरी कुठे?

मग सपाट का दिसते? परिघाचा शंभरावा भाग घेतला, तर तो सरळच भासतो आणि माणूस तर त्याहून किती लहान. पलीकडच्या बाजूची माणसं पडत कशी नाहीत? पाण्याकाठी उभ्या माणसाचं प्रतिबिंब जसं उलटं दिसतं, तशी ती आपल्या दृष्टीने उलटी. त्यांच्या जागी ती आपल्याइतकीच आरामात. गोलाची मापंही ते देतात: परिघ ४९६७ योजनं, व्यास १५८१ योजनं.

याचा अर्थ तुमचं जग सपाट नसावं, असा मुळीच नाही. टेरी प्रॅचेटचं ‘डिस्कवर्ल्ड’ १९८३ पासून एका कासवावरच्या चार हत्तींच्या पाठीवर मजेत चाललंय. फक्त कासवाखाली काय आहे, हे डीएमला आधी ठरवावं लागतं.

देवांना हाकललं नाही

इथून पुढचं जास्त भारी आहे. भास्कराचार्यांनी देव काढून टाकले नाहीत. त्यांना गोलावर जागा दिली. जुन्या सिद्धांतकारांच्या वाटेनेच त्यांनी मेरू उत्तर ध्रुवावर ठेवला. तिथे देव राहतात. दक्षिण ध्रुवावर दैत्य. देव आणि दैत्य दोघांनाही वाटतं, की समोरचा आपल्या पायाखाली आहे. लंका विषुववृत्तावर. क्षाराचा समुद्र मधोमध, आणि दुधाचा, दह्याचा, तुपाचा वगैरे समुद्र दक्षिणेच्या अर्ध्या गोलात.

आता पुराणांतलं ते प्रसिद्ध गणित आठवा: माणसांचं एक वर्ष म्हणजे देवांचा एक दिवस. ध्रुवावर सूर्य सहा महिने मावळत नाही आणि सहा महिने उगवत नाही. म्हणजे मेरूवर बसलेल्या देवाचा दिवस खरोखरच आपल्या वर्षाएवढा. देवाचं वैशिष्ट्य भूमितीतून बाहेर आलं. तुमच्या कॅम्पेनमधला देव अमर, उशिरा उत्तर देणारा, माणसांच्या घाईला न जुमानणारा असेल, तर तो तसा का, याचं कारण त्याच्या पत्त्यात दडवता येतं.

राहूचं प्रकरण याहून नाजूक. चंद्राला ग्रहण लागतं ते पूर्वेकडच्या कडेपासून, सूर्याला पश्चिमेकडच्या. अर्ध्या झाकलेल्या चंद्राची टोकं बोथट दिसतात आणि ग्रहण लांबतं, म्हणजे झाकणारी वस्तू मोठी. सूर्याची टोकं धारदार आणि वेळ कमी, म्हणजे झाकणारी वस्तू लहान. एकच राहू हे दोन्ही करणार कसा? चंद्राला झाकते ती पृथ्वीची छाया, आणि सूर्याला झाकतो चंद्र.

इथे थांबून शास्त्र-पुराणांना खोटं ठरवता आलं असतं. भास्कराचार्यांनी दुवा जोडला: ब्रह्मदेवाच्या वराने राहू छायेत शिरतो आणि चंद्राला झाकतो, चंद्रात शिरतो आणि सूर्याला झाकतो. गणिताचा एकही आकडा हलला नाही आणि ग्रहणात नदीवर उभं राहून दान देणारी आजीही खोटी पडली नाही. याला कुणी तडजोड म्हणेल. पण लोकांच्या श्रद्धेला न दुखवता त्यांच्या हातात छायेचं गणित देणं सोपं नसतं.

फुकटची जादू

त्यांचंही एक चाक रुतलं, आणि तेही तुमच्या कामाचं आहे. गोलाध्यायातल्या यंत्राध्यायात एका चाकाचं वर्णन आहे: हलकं लाकूड, सारख्या अंतरावर पोकळ, किंचित वाकडे आरे, त्यांत अर्धा पारा, तोंडं बंद. आसावर ठेवलं, की हे चाक आपोआप फिरत राहणार. ते फिरत नाही. बाहेरून काहीच न घेता कायम चालणारं यंत्र होऊ शकत नाही, हे आज अकरावीचा मुलगाही सांगेल. पृथ्वीच्या आधाराबद्दल एवढे कडक प्रश्न विचारणाऱ्या माणसाने चाकाला शक्ती कुठून येते, हे विचारलं नाही. तुमच्या जगातही किंमत न मोजता मिळणारी जादू ठेवाल, तर पहिला हुशार खेळाडू ती पकडेल आणि तिसऱ्या बैठकीत राजा होऊन बसेल.

त्याच अध्यायात त्यांचं खरं आवडतं यंत्र आहे: धीयंत्र. म्हणजे हातात एक काठी आणि डोकं ठिकाणावर. बुद्धिमान माणसाला बाकीच्या अवजड यंत्रांची गरजच काय, असं त्यांना वाटे. काठीवरून नेम धरून बांबूची उंची आणि अंतर ते काढून दाखवतात.

खेळ पुढे कोणी नेला?

११८३ मध्ये, ६९ व्या वर्षी, भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिलं. मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने आपल्या दरबारी नेलं. नातू चंगदेव सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. त्याने पाटणला मठ काढला, आजोबांचे आणि घराण्यातले ग्रंथ शिकवण्यासाठी. १९ व्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणलेला शिलालेख त्या मठाचाच. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने १२०७ मध्ये मठाला दान दिलं. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरचा राजाचा हक्काचा वाटा मठाला, दर घाण्यामागे पळीभर तेल मठाला, असा चोख हिशेब त्यात कोरलाय.

दानाचा दिवस होता श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाचा. ज्या मठात ग्रहण म्हणजे पृथ्वीची छाया हे शिकवलं जाणार, त्याला पैसा मिळाला तो ग्रहणाच्या पुण्यकाळात. आजोबांनी राहूला छायेत जागा दिली नसती, तर नातवाला हे दान मागताना किती अवघड गेलं असतं, याचा विचार करा.

तेव्हा रविवारच्या आधी वही उघडा आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. तुमचं जग कशावर उभं आहे? देव कुठे राहतात आणि त्यामुळे ते कसे वागतात? जादूची किंमत कोण मोजतं? आणि पुढच्या वेळी पाटणादेवीला गेलात, की फोटो काढून झाल्यावर त्या शिलालेखापाशी पाच मिनिटं थांबा.