जनुकांमधले अंतर मोजणारे कोसंबी

गोमंतकात दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव उच्चारले की इतिहासकार ही उपाधी त्यामागे आपोआप येते. 2008 पासून पणजीत त्यांच्या नावाने विचार महोत्सव भरतो आहे आणि त्याच्या बातम्या लिहिताना आम्हीही तीच उपाधी वापरत आलो. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. अनुवंशशास्त्राच्या प्रयोगशाळांत कोसंबी हे एका मापाचे नाव आहे. भाताच्या किंवा गव्हाच्या जनुकांचा नकाशा काढणाऱ्या संशोधकाला संगणक दोन पर्याय देतो, हाल्डेन की कोसंबी. यातले दुसरे नाव गोव्यात जन्मलेल्या एका गणितज्ञाचे आहे, हे तो पर्याय निवडणाऱ्याला ठाऊक असतेच असे नाही.

हे माप कशाच्या उपयोगी पडते, ते एका उदाहरणावरून पाहू. काही घराण्यांत करंगळीशेजारी सहावे बोट घेऊन मुले जन्माला येतात, आणि ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालते. गर्भ पाच-सहा आठवड्यांचा असताना हाताच्या जागी एक चपटी कळी असते. तिच्या करंगळीकडच्या कडेने एक रासायनिक संदेश पसरतो आणि अंगठ्याच्या बाजूला जीएलआय-3 नावाच्या जनुकाचे प्रथिन इतर जनुकांना आवर घालते. या दोहोंच्या तोलातून बोटांची संख्या ठरते. आवर ढिला पडला तर बोट वाढते. सहाव्या बोटाची कारणे अनेक असू शकतात, पण भारतातील एका मोठ्या कुटुंबाच्या अभ्यासातून 1997 साली याच जनुकातील बिघाड उघडकीस आला. गर्भ कोणी पाहिला नव्हता. आधी सापडला तो पत्ता. गुणसूत्रांवरच्या कोणत्या खुणा सहाव्या बोटाबरोबर हटकून वारशाने येतात, हे कुटुंबातील माणसांमध्ये तपासत गेल्यावर शोध सातव्या गुणसूत्रावर येऊन थांबला. अशा खुणांचे नकाशे हाताशी असावे लागतात, आणि मानवी गुणसूत्रांच्या नकाशांत दोन खुणांमधले अंतर लावताना कोसंबींचे सूत्र वापरले गेले आहे.

कोसंबींचा जन्म 31 जुलै 1907 रोजी कोसबेन येथे झाला. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता. वडील धर्मानंद हे मूळचे सांखवाळचे. बुद्धाच्या ओढीने ते घरातून बाहेर पडले, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश हिंडले आणि पाली भाषेचे थोर पंडित होऊन परतले. शिकण्यासाठी कुठल्याही टोकापर्यंत जाण्याची ही वृत्ती मुलातही पुरेपूर उतरली. पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठाने धर्मानंदांना पाचारण केले, तेव्हा 1918 साली त्यांनी थोरली मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना सोबत नेले. घरी बाबा म्हणून ओळखला जाणारा हा मुलगा अमेरिकेतल्या शाळेत शिकला आणि 1929 साली हार्वर्डचा पदवीधर झाला. गणितात जॉर्ज बर्कहॉफ यांच्यासारखे गुरू त्याला लाभले, आणि गणिताच्या जोडीला युरोपीय भाषाही त्याने आत्मसात केल्या.

परतल्यावर बनारस आणि अलीगढ येथे अल्पकाळ अध्यापन करून 1933 च्या सुमारास ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. त्याआधी 1931 मध्ये नलिनी मडगावकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. फर्ग्युसनमधली बारा वर्षे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत सुपीक वर्षे होत. 1934 साली भूमितीतील कामासाठी त्यांना रामानुजन स्मृति पारितोषिक मिळाले. पुढे संख्याशास्त्राकडे वळल्यावर पुस्तकी उदाहरणांवर त्यांचे समाधान होईना. प्रत्यक्ष मोजता येईल असे काहीतरी त्यांना हवे होते, आणि ते त्यांना नाण्यांत सापडले.

चलनातले नाणे हातोहात फिरते आणि प्रत्येक हात त्याचा सूक्ष्म अंश झिजवतो. एकाच टांकसाळीतली, एकाच साली पाडलेली नाणीही सारखी झिजत नाहीत. काळ लोटतो तसे त्यांचे सरासरी वजन घटते आणि वजनांमधली तफावत वाढते. कोसंबींनी आधी चालू नाणी तोलून हे पडताळून पाहिले आणि मग प्राचीन आहत नाण्यांचे साठे तराजूवर घेतले. हजारो नाणी त्यांनी स्वतःच्या हातांनी तोलली. ज्या राजाने नाणे पाडले त्याचा काळ ग्रंथ सांगत नसतील, तर तो झीज सांगते. आपल्याकडे याला इतिहास म्हणतात, तरी मूळ काम मोजमापाचे होते. जे प्रत्यक्ष दिसत नाही ते त्याच्या खुणांवरून मोजायचे, ही सवय त्यांना याच तराजूने लावली असावी, असे मला वाटते.

याच पुण्याच्या मुक्कामात 1944 साली त्यांचा एक छोटासा लेख लंडनहून निघणाऱ्या ‘अॅनल्स ऑफ युजेनिक्स’ या नियतकालिकात छापून आला. युद्ध चालू होते. जनुक कशाचे बनलेले असते यावर तोवर एकमत नव्हते. ते डीएनएचे असते याचा पहिला भक्कम पुरावा त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये पुढे आला. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रे असतात, हे कळायला 1956 साल उजाडायचे होते. अशा काळात प्राणिशास्त्राची पदवी नसलेला पुण्यातला गणिताचा प्राध्यापक दोन जनुकांमधले अंतर कसे काढावे हे सांगत होता. (त्या नियतकालिकाचे नाव आज खटकते; 1954 साली ते बदलून मानवी अनुवंशशास्त्राचे केले गेले.)

प्रश्न असा होता. आईकडून आणि वडिलांकडून आलेली गुणसूत्रे दोन माळांसारखी शेजारी येतात आणि बीजपेशी तयार होताना आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात. एका माळेतले दोन मणी जितके दूर, तितकी ते एकमेकांपासून तुटण्याची शक्यता अधिक. म्हणून पुढच्या पिढीत दोन गुण किती वेळा वेगळे झाले ते मोजले की त्यांच्या जनुकांमधले अंतर कळते. 1913 साली आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या विद्यार्थ्याने फळमाशीच्या सहा जनुकांचा पहिला नकाशा याच युक्तीने काढला. पण या हिशेबात एक खोट आहे. दोन मण्यांच्या मध्ये अदलाबदल दोनदा झाली तर ते पुन्हा एकाच माळेत येतात, काही घडलेच नाही असे दिसते आणि मोजणी कमी भरते. जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1919 साली ही तूट भरून काढणारे सूत्र दिले. त्यात त्यांनी प्रत्येक अदलाबदल दुसरीपासून स्वतंत्र मानली होती.

निसर्गात तसे घडत नाही. एका ठिकाणी अदलाबदल झाली की अगदी शेजारी दुसरी होण्यास अटकाव होतो, हे फळमाशीच्या प्रयोगांतून माहीत झाले होते. कोसंबींनी हा अटकाव सूत्रात आणला. जनुके अगदी जवळ असतील तर तो जवळपास पूर्ण आणि अंतर वाढेल तसा ओसरत जाणारा, एवढे साधे गृहीतक त्यांनी धरले. दोन गुण शेकडा 5 अपत्यांत वेगळे झाले, तर हाल्डेन यांचे सूत्र 5.3 एकक अंतर देते आणि कोसंबींचे 5.0. इथे दोघांत फारसा फरक नाही. पण शेकडा 20 अपत्यांत वेगळे झाले, तर हाल्डेन 25.5 म्हणतात आणि कोसंबी 21.2. नकाशा लांबत जातो तशा या फरकाच्या बेरजा होत जातात. सूत्र कागदाच्या एका ओळीत मावते. अटकाव नेमका किती असतो हे पुढे इतरांनी आणखी बारकाईने मांडले, तरी वापरायला सोपे आणि पुरेसे खरे म्हणून कोसंबींचे माप टिकले. त्यांनी स्वतः मात्र अनुवंशशास्त्रात मुक्काम केला नाही. एक दार उघडून ते पुढच्या दाराकडे गेले.

1945 मध्ये फर्ग्युसन सुटले आणि होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. राहणे पुण्यातच आणि जाणेयेणे डेक्कन क्वीनने, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती 1948 ची, भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना 1956 ची. मराठी साहित्याच्या वर्गात आम्हाला कोसंबी भेटले ते एवढेच. 1962 च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या ग्रंथात जुन्या काबिजादीतल्या गावकारीवर एक अख्खे प्रकरण आहे, ते गोंयकारांनी तरी चुकवू नये.

याच काळात त्यांच्या गणिती कीर्तीला तडा गेला. रीमानचे गृहीतक हे गणितातील अतिकठीण कोडे संभाव्यताशास्त्राच्या मार्गाने सुटले असा दावा त्यांनी 1959 साली कृषी संख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात केला. तो टिकला नाही. कोडे आजही सुटलेले नाही. चूक कोणाचीही होते. पण इतका मोठा दावा, तोही तिथल्या गणितज्ञांची कठोर छाननी जिथे होण्याचा संभव कमी अशा ठिकाणी छापणे, हे कोसंबींच्या शिस्तीला शोभणारे नव्हते, असे म्हणणे भाग आहे. दुसरीकडे अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जेवर भर द्यावा, असे ते उघडपणे मांडत होते आणि भाभांशी त्यांचे मतभेद वाढत होते. 1962 साली संस्थेतील त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही. दोन वर्षांनी त्यांना मानद शास्त्रज्ञाचे पद मिळाले आणि पुण्यात काम पुन्हा सुरू झाले.

29 जून 1966 रोजी पुण्यातील घरी झोपेतच त्यांचे निधन झाले. वय होते 58. रंगांधत्व, रक्त न गोठण्याचा विकार यांसारख्या, लिंगनिश्चितीशी निगडित गुणसूत्रावरच्या जनुकांची जागा तोवर ठाऊक झाली होती. माणसाच्या उरलेल्या बावीस जोड्यांपैकी एकाही गुणसूत्रावर मात्र एकाही जनुकाचा पत्ता लागलेला नव्हता. तो पहिला पत्ता डफी नावाच्या रक्तगटाच्या जनुकाचा होता, आणि तो लागला 1968 साली, पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर.