साने गुरुजी आणि श्यामची आई

वर्धा शहरापासून थोड्याच अंतरावर, धाम नदीच्या काठी, आमचे पवनार गाव वसले आहे. नदीच्या पात्रातील काळे खडक आणि तीरावरील टेकडीवर असलेला विनोबाजींचा परमधाम आश्रम यांमुळे ते सर्वांस परिचित आहे. १९३८ साली विनोबा प्रकृतीच्या कारणाने येथे राहावयास आले. आश्रमात येणारा पाहुणा बहुधा ‘गीता-प्रवचने’ हा ग्रंथ घेऊन परत जातो. परंतु त्या ग्रंथातील शब्द विनोबांचे असले, तरी ते कागदावर उतरविणारा हात दुसऱ्याचाच होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तो हात साने गुरुजींचा.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड या गावी झाला. घराणे खोतांचे; एके काळी संपन्न. परंतु वडिलांच्या काळात कर्ज वाढत गेले, जप्ती आली आणि घरची लक्ष्मी निघून गेली. त्या दारिद्र्यातही घराचा मान राखला तो पांडुरंगाच्या आईने. तिचे नाव यशोदा. ती शिकलेली नव्हती; पण आपल्या मुलाला काय शिकवावयाचे, हे तिला पक्के माहीत होते.

एकदा स्नान झाल्यावर लहानग्या पांडुरंगाने हट्ट धरला की, ओल्या तळव्यांना माती लागता कामा नये. आईने आपल्या लुगड्याचे ओचे धोंडीवर पसरले व त्यांवर त्याला पाय टिपू दिले. मग तिने त्याला एवढेच सांगितले की, तळव्यांना जसा जपतोस तसा मनालाही जप. दुसऱ्या एका प्रसंगी ती अशी मृदू राहिली नाही. गावची सारी मुले विहिरीत पोहावयास शिकत होती; हा मात्र भिऊन लपून बसला. आईने शिंपटी हाती घेतली आणि त्याला झोडपून विहिरीवर पाठविले. मुलगा पोहून परत आला तेव्हा त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचेच डोळे भरून आले, आणि तिने त्याच्या पानात दही वाढले. मारणारी आणि रडणारी आई एकच होती, ही गोष्ट तो मुलगा कधी विसरला नाही.

पुढे शिक्षणासाठी त्याला घर सोडावे लागले. दापोली, औंध, पुणे अशी त्याची वणवण झाली. कुठे वारावर जेवावे, कुठे उपाशी निजावे. १९१७ साली तो पुण्यास शिकत असताना इकडे आईने देह ठेवला. तिचे अखेरचे दर्शनही त्याला घडले नाही. हे शल्य त्याच्या उरात जन्मभर राहिले.

एम्. ए. झाल्यावर साने अमळनेरला गेले आणि १९२४ साली तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृहाचे कामही त्यांच्याकडे आले. मुले शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडून ठेवीत, अस्ताव्यस्त अंथरुणे नीट घालीत, कुणाचे मळके कपडे धुऊन वाळत टाकीत. प्रारंभी मुलांना याचे नवल वाटले. मग लाज वाटू लागली. आणि त्यानंतर खोल्या आपोआप स्वच्छ राहू लागल्या. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. मीही आयुष्याची बरीच वर्षे शाळेत घालविली आहेत. रागे भरून जे साधत नाही ते असे साधते, हे मला ठाऊक होते. पण रोज तसे वागणे किती कठीण, हेही मला ठाऊक आहे. साने सरांचे ‘गुरुजी’ झाले ते याच वसतिगृहात.

१९३० साली गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला. गुरुजींनी नोकरीचा राजीनामा दिला व ते चळवळीत उतरले. मग तुरुंगवासामागून तुरुंगवास घडला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांना विनोबांचा सहवास लाभला. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दर रविवारी विनोबा कैद्यांपुढे गीतेवर बोलत. अशी अठरा प्रवचने झाली. विनोबांची वाणी ओघवती. तरी गुरुजींची लेखणी त्या ओघाबरोबर धावली आणि तो सारा ठेवा त्यांनी टिपून घेतला. विनोबांच्या आईला संस्कृत येत नसे आणि गीता समजावी अशी तिची फार इच्छा होती. त्या इच्छेतूनच विनोबांनी ‘गीताई’ रचली. ती माउली १९१८ साली गेली होती. एका वर्षाच्या अंतराने आईला मुकलेले हे दोन पुत्र त्या दगडी भिंतींच्या आड असे समोरासमोर बसत. एक बुद्धीने कठोर, दुसरा पाण्यासारखा पातळ.

पुढल्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींच्या मनातील आई शब्दांत उतरू लागली. ९ फेब्रुवारी १९३३ या दिवशी त्यांनी लेखणी हाती घेतली आणि १३ तारखेच्या पहाटे खाली ठेवली. त्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ या पुस्तकाचा मोठा भाग लिहून झाला. आश्रमातील श्याम आपल्या मित्रांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो, अशी त्याची मांडणी. प्रकरणांना म्हणूनच ‘रात्र’ म्हटले आहे. त्या बेचाळीस आहेत. १९३५ साली पुस्तक प्रसिद्ध झाले आणि महाराष्ट्रातील घराघरांतून ते वाचले जाऊ लागले.

त्याच पुस्तकात एक म्हातारी आहे. डोक्यावरची मोळी खाली पडली आहे, पण ती अस्पृश्य मानलेल्या जातीची असल्याने कोणी हात लावीत नाही. आई श्यामला मोळी उचलून देण्यास पाठविते. ही आठवण गुरुजींनी कागदावरच ठेवली नाही. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात हरिजनांना प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मे १९४७ मध्ये पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण आरंभिले. अनेकांनी त्यांची निंदा केली. गुरुजी ढळले नाहीत. अखेरीस मंदिराची दारे सर्वांना मोकळी झाली.

स्वातंत्र्य आले, पण पाठोपाठ गांधीजींची हत्या झाली. गुरुजींनी एकवीस दिवस उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. निरनिराळ्या प्रांतांतील माणसांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, यासाठी त्यांनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. तथापि भोवतालचा द्वेष पाहून त्यांचे मन आतून खचत चालले होते. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे पन्नास वर्षांचे.

यानंतर आचार्य अत्रे यांनी ‘श्यामची आई’वर बोलपट काढण्याचे मनावर घेतले. अत्रे म्हणजे महाराष्ट्राला पोट धरधरून हसविणारे नाटककार. ‘साष्टांग नमस्कार’ लिहिणारा हा माणूस गुरुजींची करुण कथा पडद्यावर कशी आणणार, अशी शंका कोणालाही यावी. पण ज्याला हसविण्याचे मर्म कळते त्याला रडविण्याचेही कळते. आईच्या भूमिकेसाठी त्यांनी वनमाला यांना निवडले. ‘सिकंदर’सारख्या डौलदार हिंदी चित्रपटात झळकलेली ही नटी येथे साध्या लुगड्यात वावरली. श्याम झाला माधव वझे. संगीत वसंत देसाई यांचे. श्रीकृष्णाच्या बोटासाठी आपला भरजरी पितांबर फाडणाऱ्या द्रौपदीची कथा सांगणारे त्यातील गीत आशा भोसले यांनी गायिले, आणि ते घरोघरी पोहोचले.

१९५३ साली बोलपट प्रकाशित झाला. प्रेक्षक पदरांनी आणि रुमालांनी डोळे पुसू लागले. नवल असे की, त्यातील आई आक्रोश करीत नाही. ती सोसते, कठोरही होते. घरावर संकटे येत असताना ती हुंदका गिळून मुलाकडे पाहते, आणि तिने न ढाळलेले अश्रू पाहणाऱ्याच्या डोळ्यांतून वाहू लागतात. १९५४ साली भारत सरकारने उत्कृष्ट चित्रपटांना पारितोषिके देण्यास प्रारंभ केला. त्या पहिल्याच वर्षी, साऱ्या भारतीय भाषांतील चित्रपटांतून, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले ते या मराठी बोलपटाला. तो पाहावयास गुरुजी मात्र हयात नव्हते.

मी तो पाहिला तो पुष्कळ वर्षांनी, लहानपणी, आमच्या शाळेच्या पटांगणात. दोन बांबूंना पांढरी चादर बांधली होती. यंत्राचा आवाज एवढा की, संवाद कान देऊन ऐकावे लागत. आई अंथरुणाला खिळलेली आहे, असा प्रसंग चालू असताना फीत तुटली आणि मास्तरांनी दिवा लावला. एकदम उजेड पडताच आम्ही सारी मुले खाली माना घालून पाट्या शोधू लागलो. पाट्या कुणीच आणल्या नव्हत्या. वर्गातला सर्वांत दांडगा मुलगा बाहीने नाक पुसत होता. फीत जोडून होईपर्यंत कोणी कोणाकडे पाहिले नाही. मास्तरही भिंतीकडे तोंड करून उभे होते.

बोलपट संपला तेव्हा रात्र बरीच झाली होती. घरी आलो. आई कंदील घेऊन दारातच बसली होती. डोळे का लाल झाले, असे तिने विचारले. वाटेत धूळ गेली, असे मी सांगितले. तिने काही न बोलता पदराचे टोक पाण्यात बुडविले आणि माझे डोळे पुसून काढले.