अर्न्स्ट चेन : पेनिसिलिनचा शत्रू आधीच ओळखणारा शास्त्रज्ञ

पेनिसिलिन म्हटलं की आपल्याला अलेक्झांडर फ्लेमिंग आठवतात. पण या शोधाचं १९४५ सालचं नोबेल तिघांना मिळालं होतं. फ्लेमिंग आणि हॉवर्ड फ्लोरी यांच्यासोबतचे तिसरे होते अर्न्स्ट चेन.

चेन यांचा जन्म १९०६ मध्ये बर्लिनमधल्या ज्यू कुटुंबात झाला. ते पियानोही उत्तम वाजवत. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये त्यांनी इंग्लंड गाठलं. आई आणि बहीण मात्र मागेच राहिल्या. नाझींच्या वंशसंहारात दोघींचा बळी गेला.

ऑक्सफर्डमध्ये फ्लोरींसोबत काम करताना त्यांच्या वाचनात फ्लेमिंग यांचा जुना शोधनिबंध आला आणि पेनिसिलिनवर नव्याने काम सुरू झालं. मे १९४० मध्ये आठ उंदरांना घातक जंतू टोचण्यात आले. त्यातल्या चौघांनाच पेनिसिलिन दिलं. दुसऱ्या दिवशी तेवढे चारच जिवंत होते.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चेन आणि एडवर्ड अब्राहम यांनी आणखी एक गोष्ट जाहीर केली. काही जीवाणू असं एन्झाइम बनवतात, जे पेनिसिलिनलाच निकामी करतं. हे औषध अजून बाजारातही आलं नव्हतं!

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ही भीती खरी ठरली. रुग्णालयांतल्या स्टॅफिलोकोकस जीवाणूंवर पेनिसिलिन चालेनासं झालं. तेव्हा चेन रोममध्ये होते. ब्रिटनच्या बीचम कंपनीने त्यांचा सल्ला घेतला. बुरशीकडून मिळणाऱ्या पेनिसिलिनच्या रेणूतच बदल करा, असं त्यांनी सुचवलं. कंपनीचे शास्त्रज्ञ त्यांच्या प्रयोगशाळेत काम करायला गेले.

१९५७ मध्ये बीचमच्या शास्त्रज्ञांनी पेनिसिलिनचा गाभा वेगळा काढला. आता या गाभ्याला हवी ती रासायनिक शेपटी जोडता येणार होती. मेथिसिलिनची शेपटी एवढी अवजड होती की जीवाणूंच्या एन्झाइमला गाभ्यापर्यंत नीट पोहोचताच येईना. १९६० च्या सुमारास हे औषध वापरात आलं. पण १९६१ मध्येच त्यालाही न जुमानणारे जीवाणू ब्रिटनमध्ये आढळले. त्यांनाच आज आपण ‘एमआरएसए’ म्हणतो. त्यांनी वेगळीच युक्ती केली होती. पेनिसिलिन ज्या प्रथिनाला चिकटतं, त्याचं काम करणारं दुसरंच प्रथिन त्यांच्याकडे होतं.

१९७९ मध्ये आयर्लंडमध्ये चेन यांचं निधन झालं. आज आपल्या औषधांच्या चिठ्ठीत हमखास दिसणारं अ‍ॅमॉक्सिसिलिन त्याच गाभ्यापासून बनतं. अनेकदा त्याच्यासोबत क्लॅव्युलॅनिक आम्ल दिलेलं असतं. त्याचं काम एकच : १९४० मध्ये चेन यांनी दाखवून दिलं होतं, तशा एन्झाइमला अडवणं.