इव्हान पाव्हलॉव्ह : परिसर, शरीर आणि मेंदू

चिंच नुसती आठवली तरी तोंडाला पाणी सुटतं ना? असं का होतं, हे शोधून काढणारे शास्त्रज्ञ म्हणजे इव्हान पाव्हलॉव्ह.

त्यांचा जन्म १८४९ साली रशियातील रियाझान येथे एका धर्मगुरूंच्या घरी झाला. पुढे ते सेंट पीटर्सबर्गला शिकले आणि तिथेच संशोधन करू लागले. पचनक्रियेवरील कामासाठी त्यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कुत्र्यांची लाळ मोजताना त्यांना दिसलं, की अन्न तोंडात पडण्याआधीच लाळ सुटते. मग त्यांनी ठरावीक आवाज करून लगेच अन्न द्यायला सुरुवात केली. असं अनेकदा केल्यावर नुसत्या आवाजानेही लाळ सुटू लागली! बाहेरची खूण मेंदू शिकला होता. यालाच अभिसंधान म्हणतात.

१९२४ साली त्याच शहरात, म्हणजे तेव्हाच्या लेनिनग्राडमध्ये, महापूर आला. पिंजऱ्यातले कुत्रे बुडता बुडता वाचले. पण त्यांतले काही शिकलेलं विसरूनच गेले. धीराने पुन्हा सराव दिल्यावर ते हळूहळू सावरले. मात्र खोलीत थोडं पाणी शिरताच जुनी भीती परत उफाळून आली.

१९३६ साली पाव्हलॉव्ह यांचे निधन झाले.

मुलांनो, परीक्षेत धास्तीने पाठ केलेलं आठवलं नाही, तर स्वतःला 'ढ' म्हणू नका. भीती मेंदूला अडवते. ती ओसरू द्या, पुन्हा सराव करा. आणि घाबरलेल्या मित्राला हसू नका, त्याच्याजवळ बसा.