प्रमोद महाजन : मिनिटाचा भाव उतरला तेव्हा

नाशिक रोडची ओळख दोन सरकारी वास्तूंनी सांगितली जाते. एक भारत प्रतिभूती मुद्रणालय, ज्याला सारे गाव नुसते प्रेस म्हणते, आणि दुसरी मध्यवर्ती कारागृह. देशभरच्या टपालाला लागणारी तिकिटे पहिल्या वास्तूत कित्येक दशके छापली गेली. दुसरीत आणीबाणीच्या काळात राजकीय बंदिवान ठेवले गेले. त्यांत शिक्षकाची नोकरी सोडून संघाच्या पूर्णवेळ कामात उतरलेला अंबाजोगाईचा एक तरुणही होता. बाहेरच्या जगाशी या बंदिवानांचा संबंध उरला होता तो तपासून हाती पडणाऱ्या पत्रांपुरता. पुढे पंचवीस वर्षांनी त्याच तरुणाकडे देशाचे टपाल खाते आणि दूरसंचार खाते एकाच वेळी आले, आणि दूरवर बोलण्याचा खर्च सामान्य माणसाच्या खिशाला परवडू लागला तो नेमका त्याच सुमारास. प्रमोद महाजन यांच्या राजकीय चरित्रातील हा अध्याय अवघ्या सतरा महिन्यांचा आहे. त्यांच्या लौकिकाचा आणि त्यांच्यावरील संशयाचा मोठा वाटा मात्र याच अध्यायाशी जोडलेला आहे.

महाजन यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९४९ रोजी त्यावेळच्या हैदराबाद संस्थानातील महबूबनगर येथे झाला. बालपण आणि शिक्षण अंबाजोगाईत गेले. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी पत्रकारितेचे धडे घेतले, ‘तरुण भारत’मध्ये उपसंपादक म्हणून काम केले आणि अंबाजोगाईच्या खोलेश्वर विद्यालयात शिकवलेही. नाटकाची आवड होती, वक्तृत्वाची देणगी होती. मराठवाड्यातील एका मध्यमवर्गीय घरातील या तरुणाकडे ना साखर कारखाना होता, ना जातीची मोठी मतपेढी. जे होते ते शब्दांचे भांडवल. गोपीनाथ मुंडे यांच्याशी जमलेली मैत्री पुढे नात्यात बदलली आणि महाराष्ट्रातील भाजपच्या वाटचालीचा ती कणा ठरली.

त्यानंतरचा आलेख सर्वपरिचित आहे. १९८०च्या दशकात भारतीय जनता युवा मोर्चाचे अध्यक्षपद, १९८६ मध्ये राज्यसभा, १९९० च्या रथयात्रेचे नियोजन, शिवसेनेशी युतीची बांधणी. १९९६ मध्ये ईशान्य मुंबईतून ते लोकसभेवर गेले आणि वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारात संरक्षणमंत्री झाले. लोकांमधून ते निवडून आले ते या एकदाच. १९९८ मध्ये त्याच मतदारसंघाने त्यांना नाकारले आणि पुढची सारी कारकीर्द राज्यसभेच्या बळावर झाली. मतदारांत फारसा पाया नसलेला आणि दिल्लीत प्रचंड वजन असलेला नेता, ही विसंगती त्यांना अखेरपर्यंत चिकटून राहिली.

१९९९ मध्ये केंद्रात माहिती तंत्रज्ञानाचे स्वतंत्र मंत्रालय निर्माण झाले आणि ते महाजन यांच्याकडे आले. इलेक्ट्रॉनिक नोंदींना आणि डिजिटल स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता देणारा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये संसदेत संमत झाला तो त्यांच्याच काळात. पुढे सप्टेंबर २००१ मध्ये दळणवळण खातेही त्यांच्या हाती आले.

त्यावेळचे चित्र आज आठवणे कठीण आहे. देशातील पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्यामध्ये झाला. सुरुवातीच्या त्या काळात गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपये ८० पैसे मोजावे लागत, आणि समोरून आलेल्या कॉलचेही पैसे फोन उचलणाराच देई. त्यामुळे मोबाइल वाजला की आधी नंबर पाहायचा, तो बंद करायचा आणि जवळच्या दूरध्वनीवरून उलट फोन करायचा, हा शहाणपणाचा व्यवहार मानला जाई. मोबाइल नसलेल्यांची कथा निराळी नव्हती. हजार किलोमीटरहून दूर बोलायचे तर एसटीडीचा दर मिनिटाला २४ रुपयांवर होता. लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याने कोलकात्याच्या अडत्याशी पाच मिनिटे भावाची घासाघीस केली तर १२० रुपये उडत. रात्री दर उतरले की एसटीडीच्या पिवळ्या पाट्यांखाली रांगा लागत. परगावी शिकणारी मुले, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले परप्रांतीय कामगार, सारेच त्या रांगेत असत.

नाशिककरांच्या वाट्याला आणखी एक गंमत होती. मोबाइल परवान्यांच्या नकाशात मुंबई हे स्वतंत्र मंडळ होते आणि नाशिक महाराष्ट्र मंडळात. कसारा घाट उतरून कल्याण गाठेपर्यंत फोन रोमिंगवर गेलेला असे. रोज पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला ये-जा करणाऱ्यांच्या दृष्टीने राज्याची राजधानी हा दूरसंचाराच्या हिशेबात परमुलूख होता. ही अडचण २००५ मध्ये मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यातील कॉल एकाच मंडळातले मानण्याच्या निर्णयापर्यंत टिकली.

दर एवढे चढे का होते, याचे उत्तर तंत्रज्ञानात नव्हते, परवान्यांत होते. १९९४ च्या धोरणानंतर कंपन्यांनी अवाच्या सवा बोली लावून परवाने घेतले आणि त्या रकमेच्या ओझ्याखाली त्या दबून गेल्या. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने ठराविक शुल्काऐवजी उत्पन्नातील वाटा घेण्याची पद्धत आणली. देशांतर्गत लांब पल्ल्याच्या सेवेचे दार खासगी कंपन्यांना २००० मध्ये उघडले. महाजन यांच्या आधी खाते सांभाळणाऱ्या रामविलास पासवान यांच्या काळात चौथ्या मोबाइल परवान्याचा लिलाव झाला. म्हणजे शेत नांगरून, पेरून तयार होते. स्वस्त फोनचे सारे श्रेय महाजन यांना देणारे हा भाग बहुधा विसरतात.

मात्र पीक हाती येण्याच्या वेळी राखणदार कोण आहे, यालाही महत्त्व असते. जानेवारी २००२ मध्ये खासगी कंपनी लांब पल्ल्याच्या सेवेत उतरताच भारत संचार निगमला दर कापावे लागले आणि मिनिटाचे २४ रुपये एकदम ९ रुपयांच्या आसपास आले. सरकारी कंपनीचे उत्पन्न घटणार हे उघड दिसत असताना मंत्री तिच्या बचावाला धावून स्पर्धेला वेसण घालू शकला असता. भारतात असे अनेक खात्यांत घडले आहे. महाजन यांनी ते केले नाही. फेब्रुवारीत विदेश संचार निगमचे नियंत्रण टाटा समूहाकडे गेले, १ एप्रिल २००२ पासून आंतरराष्ट्रीय सेवेची मक्तेदारी मुदतीच्या दोन वर्षे आधीच संपली आणि त्याच दिवसापासून इंटरनेटवरून परदेशी बोलण्यास मर्यादित परवानगी मिळाली. अमेरिकेतील मुलाशी आठवड्यातून एकदा घड्याळ लावून बोलणाऱ्या कॉलेज रोडवरील आई-वडिलांना त्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये पंतप्रधान वाजपेयी यांच्या हस्ते लखनौत भारत संचार निगमची मोबाइल सेवा सुरू झाली आणि खासगी कंपन्यांना सरकारी प्रतिस्पर्धी मिळाला. खासगीकरणाचा पुरस्कर्ता असूनही सरकारी कंपनीला बाजारात उभे करण्यात महाजन यांना काही वावगे वाटले नाही. भाव पाडायला कोण उतरते यापेक्षा भाव पडतो की नाही याकडे त्यांचे लक्ष अधिक असावे, असे या काळातील निर्णय सलग पाहिले की वाटते.

आणि इथेच वादाचे मूळ आहे.

लँडलाइनचा परवाना असलेल्या कंपन्यांना घरापर्यंतची शेवटची तार टाकण्याऐवजी बिनतारी जोडणी देण्याची मुभा होती. डब्ल्यूएलएल या नावाने ती ओळखली जाई. जानेवारी २००१ च्या नियमांनुसार हा फोन ठराविक लहान क्षेत्रात, ढोबळमानाने तालुक्याएवढ्या टापूत, खिशात घालून फिरवता येत असे. त्याचे दर लँडलाइनसारखे, म्हणजे मोबाइलच्या तुलनेत नगण्य. मोबाइल कंपन्यांचे म्हणणे असे की, आम्ही मोठी रक्कम मोजून जो धंदा घेतला तोच धंदा इतरांना मागल्या दाराने अल्प शुल्कात दिला जात आहे. हे म्हणणे निराधार नव्हते. नियम महाजन यांच्या आधीचा होता, पण त्याची पाठराखण त्यांनी केली आणि त्याचा सर्वांत मोठा लाभार्थी रिलायन्स समूह ठरला. धीरूभाई अंबानी यांचे जुलै २००२ मध्ये निधन झाले. फोनवरचे बोलणे पोस्टकार्डाहून स्वस्त व्हावे ही त्यांची आकांक्षा होती. त्यांच्या जयंतीदिनी, २८ डिसेंबर २००२ रोजी, रिलायन्स इन्फोकॉमची सेवा जाहीर झाली. पोस्टकार्ड ५० पैशांना मिळत असताना आपल्याच जाळ्यातील दूरच्या कॉलला मिनिटाला ४० पैसे हा दर ऐकून प्रतिस्पर्ध्यांचे धाबे दणाणले.

महाजन एका उद्योगसमूहाला झुकते माप देत आहेत, असा आरोप संसदेत आणि बाहेर झाला. प्रकरण न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत आणि पुन्हा न्यायाधिकरणाकडे गेले. जानेवारी २००३ मध्ये मोबाइल कंपन्यांनी डब्ल्यूएलएल फोनवरून येणारे कॉल अडवले आणि दोन धन्यांच्या भांडणात ग्राहक मुका झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस वाजपेयींनी मंत्रिमंडळात फेरबदल केले. महाजन यांना पक्षकार्यासाठी मोकळे करण्यात आले आणि खाते अरुण शौरी यांच्याकडे गेले. कारण निवडणुकीच्या तयारीचे सांगितले गेले. दूरसंचारातील वादच भोवल्याची कुजबुज राजधानीत बराच काळ होती.

ग्राहकाला हवी असलेली सर्वांत मोठी गोष्ट त्यानंतर घडली. १ मे २००३ पासून फोन करणाऱ्याने पैसे देण्याची पद्धत लागू झाली आणि येणारा कॉल फुकट झाला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा त्यासंबंधीचा आदेश महाजन पदावर असताना, जानेवारीत निघाला होता. जुलैमध्ये रिलायन्सने ५०१ रुपये भरून हँडसेट देण्याची योजना आणली. नोव्हेंबर २००३ मध्ये शौरी यांनी एकीकृत परवाना आणून मोबाइल आणि डब्ल्यूएलएल यांच्यातील भिंतच पाडली आणि रिलायन्सने त्यापोटी १,५८१ कोटी रुपये भरले. मागल्या दाराने आलेल्याला पुढच्या दाराचे तिकीट नंतर काढायला लावल्यासारखा हा प्रकार होता. तो पुरेसा होता का, याची चर्चा जाणकारांत आजही रंगते.

मार्च २००१ अखेर देशात सुमारे ३६ लाख मोबाइल ग्राहक होते. मार्च २००३ अखेर ती संख्या सुमारे १ कोटी ३० लाखांवर पोहोचली. या वाढीत महाजन यांचा वाटा किती, याचा काटेकोर हिशेब मांडता येणार नाही. नियामकाने पाया घातला, कंपन्यांनी भांडवल ओतले, परस्परांच्या उरावर बसून दर पाडले. मंत्र्याने स्पर्धेची वाट अडवली नाही, आणि एके ठिकाणी ती वाट रुंद करताना नियमांची कुंपणे वाकू दिली. ग्राहकाचा फायदा खरा, आणि ज्यांनी आधी पूर्ण किंमत मोजली होती त्यांची तक्रारही खरी.

२००४ ची लोकसभा निवडणूक महाजन यांनी जणू एखाद्या नव्या कंपनीच्या विपणनासारखी आखली. वाजपेयींच्या ध्वनिमुद्रित आवाजातील संदेश लाखो फोनवर वाजले. फोन घरोघरी पोहोचवणाऱ्या काळाचा मंत्री तोच फोन प्रचाराला वापरत होता, यात नवल नव्हते. पण फोन उचलणारा मतदार बोलणे ऐकून घेतो म्हणजे मत देतोच असे नाही. भाजपचा पराभव झाला आणि त्याची जबाबदारी महाजन यांनी स्वतःकडे घेतली.

१ मार्च २००६ पासून भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम यांनी देशात कुठेही मिनिटाला एक रुपया हा दर लागू केला. अंतराप्रमाणे दर ही कल्पनाच मोडीत निघाली. नाशिकहून ओझरला बोला की गुवाहाटीला, भाव तोच. तोवर देशातील मोबाइल ग्राहक सुमारे नऊ कोटींवर गेले होते. त्यानंतर अवघ्या सात आठवड्यांनी, २२ एप्रिलच्या सकाळी, वरळीतील राहत्या घरी धाकटे बंधू प्रवीण यांनी महाजन यांच्यावर गोळ्या झाडल्या. हिंदुजा रुग्णालयात बारा दिवस मृत्यूशी झुंज दिल्यावर ३ मे २००६ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे छप्पन्न. त्या बारा दिवसांत रुग्णालयातील प्रकृतीची खबर गावोगावी मोबाइलच्या लघुसंदेशांतून पसरत होती.

मृत्यूनंतरही खात्याने त्यांना सोडले नाही. टू-जी प्रकरण पेटल्यावर जुन्या फायलीही उघडल्या गेल्या. जानेवारी २००२ मध्ये मोबाइल कंपन्यांना जादा ध्वनिलहरी देताना सरकारचे सुमारे ८४६ कोटी रुपयांचे नुकसान झाले, असा ठपका ठेवत केंद्रीय अन्वेषण विभागाने नोव्हेंबर २०११ मध्ये गुन्हा नोंदवला. तत्कालीन दूरसंचार सचिव श्यामल घोष आणि तीन कंपन्या आरोपी झाल्या. महाजन हयात नसल्याने त्यांच्यावर खटला चालण्याचा प्रश्नच नव्हता. ऑक्टोबर २०१५ मध्ये दिल्लीच्या विशेष न्यायालयाने सर्व आरोपींना दोषमुक्त केले आणि आरोपपत्राबद्दल तपास यंत्रणेवरच कठोर ताशेरे ओढले. ज्या मंत्र्याच्या संमतीने तो निर्णय झाला होता, त्याची बाजू मात्र कोणत्याही न्यायालयासमोर कधी मांडली गेली नाही.