हेन्री पिडिंग्टन

हेन्री पिडिंग्टन (७ जानेवारी, १७९७ – ७ एप्रिल, १८५८) हे कलकत्त्यात स्थायिक झालेले इंग्रज नाविक, संग्रहालयाचे अभिरक्षक व सागरी वादळांचे अभ्यासक होते. बंगालच्या उपसागरातील वादळांचा पद्धतशीर अभ्यास त्यांनी केला व अशा वादळांना ‘सायक्लोन’ हे नाव दिले. वादळाचे वारे कसे फिरतात हे त्यांनी बहुतांशी बरोबर ओळखले होते. वादळ निर्माण का होते याविषयीचा त्यांचा तर्क मात्र पुढील शास्त्राने नाकारला.

सागरी जीवन व कलकत्ता

पिडिंग्टन यांचा जन्म इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात अक्फिल्ड येथे झाला. तरुणपणी ते व्यापारी जहाजांवर होते आणि भारत व चीन यांच्या समुद्रांत कप्तान म्हणून वावरले. पुढे समुद्र सोडून ते कलकत्त्यास राहिले. भारतातील वनस्पतींच्या नावांची त्यांनी केलेली सूची १८३२ साली तेथेच प्रसिद्ध झाली. आर्थिक भूविज्ञानाच्या संग्रहालयाचे ते अभिरक्षक होते. खनिजे, माती, उल्कापाषाण अशा नाना वस्तूंचे पृथक्करण त्यांच्या हातून होई. नंतर सागरी अपघातांची चौकशी करणाऱ्या कलकत्त्याच्या न्यायमंडळाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. बुडालेल्या जहाजांच्या हकिकती ऐकणे हे अशा रीतीने त्यांचे सरकारी काम ठरले.

वादळांच्या नोंदी

विल्यम रीड या स्कॉटिश लष्करी अभियंत्याचा वादळांच्या नियमांवरील ग्रंथ १८३८ साली प्रसिद्ध झाला. वादळ म्हणजे सरळ वाहणारा सोसाट्याचा वारा नसून एका केंद्राभोवती फिरत पुढे सरकणारी हवा होय, हे अमेरिकेतील विल्यम रेडफील्ड यांचे मत रीड यांनी अनेक उदाहरणांनी पुष्ट केले होते. या ग्रंथाने पिडिंग्टन यांना दिशा मिळाली. जून १८३९ मध्ये बंगालच्या उपसागरात झालेल्या वादळावर त्यांनी पहिला प्रबंध लिहिला. पुढील सुमारे पंधरा वर्षांत एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात असे वीसहून अधिक प्रबंध आले.

त्यांची पद्धत साधी, पण चिकाटीची होती. वादळात सापडलेल्या जहाजांच्या रोजनिशा ते मिळवत. कोणत्या वेळी जहाज कोठे होते, वारा कोणत्या दिशेचा होता, वायुभारमापकातील पारा किती उतरला, हे सारे ते नकाशावर मांडत. तारायंत्र नाही, उपग्रह नाही. वादळ होऊन गेल्यावर जे जहाज बंदरास लागले त्याचीच साक्ष मिळणार. जी बुडाली त्यांची रोजनिशी त्यांच्याबरोबरच गेली. अशा अपुऱ्या पुराव्यातून वादळाच्या केंद्राचा मार्ग ते आखत.

‘चार्ल्स हेडल’ या जहाजाचे उदाहरण या संदर्भात प्रसिद्ध आहे. फेब्रुवारी १८४५ मध्ये मॉरिशसजवळ वादळात सापडलेले हे जहाज वाऱ्याला पाठ देऊन पाच दिवस धावत राहिले. वारा नेईल तिकडे जाण्यात त्याने वादळाच्या केंद्राभोवती पुन्हा पुन्हा फेऱ्या घातल्या. वारे केंद्राभोवती फिरतात याचा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण होते. या उदाहरणास पिडिंग्टन यांनी मोठे महत्त्व दिले.

‘सायक्लोन’ हा शब्द

भारतीय व चिनी समुद्रांतील वादळांविषयीची त्यांची पुस्तिका १८४४ साली निघाली. ‘द सेलर्स हॉर्न-बुक फॉर द लॉ ऑफ स्टॉर्म्स’ हा मोठा ग्रंथ १८४८ साली आला. हॉर्न-बुक म्हणजे इंग्लंडमधील मुलांची मुळाक्षरांची पाटी. तिच्यावरील कागद शिंगाच्या पारदर्शक पापुद्र्याने झाकलेला असे. पिडिंग्टन यांच्या ग्रंथासोबतही अशाच पारदर्शक चकत्या होत्या, एक उत्तर गोलार्धासाठी व एक दक्षिण गोलार्धासाठी. त्यांवर वाऱ्याच्या दिशा दाखवणारी वर्तुळे होती. चकती सागरी नकाशावर ठेवून सरकवली की आपले जहाज वादळाच्या कोणत्या भागात आहे हे खलाशाला कळे. नियमही सोपा होता: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभे राहावे, वादळाचे केंद्र उजव्या हाताला काटकोनात असते. प्रत्यक्षात वारे केंद्राकडे थोडे आत वळत असल्यामुळे केंद्र त्याहून काहीसे मागच्या बाजूस असते. ही दुरुस्ती नंतरच्या अभ्यासकांनी केली.

याच ग्रंथात त्यांनी ‘सायक्लोन’ हा शब्द सुचवला. वर्तुळ वा सापाचे वेटोळे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो घेतला होता. वाऱ्याच्या मार्गाचे वर्तुळ पूर्णच असते असा आग्रह या शब्दात नाही, म्हणून त्यांना तो योग्य वाटला. मराठीतील ‘चक्रीवादळ’ या शब्दातही फिरण्याचीच कल्पना आहे.

उत्पत्तीविषयीचा तर्क

चक्रीवादळ ही मुळात विजेची घटना असून ते आकाशाच्या वरच्या थरांत तयार होते व चपट्या चकतीसारखे समुद्रावर उतरते, असे पिडिंग्टन यांचे मत होते. याच काळात अमेरिकेतील जेम्स एस्पी हे बाष्पाचे पाणी होताना मोकळ्या होणाऱ्या उष्णतेकडे बोट दाखवत होते; पण वारे सरळ केंद्राकडे धावतात असा त्यांचा हट्ट होता. सत्याचा एकेक तुकडा दोन्ही पक्षांकडे होता.

आजच्या समजुतीनुसार चक्रीवादळ वरून उतरत नाही, ते समुद्राकडून पोसले जाते. त्यासाठी समुद्राचे वरच्या थरातील पाणी साधारणपणे २६.५ अंश सेल्सिअसहून अधिक उष्ण असावे लागते, तेही केवळ पृष्ठभागी नव्हे तर सुमारे ५० मीटर खोलीपर्यंत. एरवी वादळाने घुसळून वर आलेले गार पाणीच त्याचा जोर मोडते. आधीच असलेल्या कमी दाबाच्या क्षेत्रात दमट हवा वर चढते, थंड होते, बाष्पाचे ढग बनतात व सुप्त उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेने दाब आणखी उतरतो, भोवतालची हवा अधिक वेगाने आत येते आणि समुद्रावरून आणखी बाष्प घेऊन येते. पृथ्वीच्या परिवलनामुळे ही हवा सरळ न जाता वळते. विषुववृत्तालगत हा परिणाम अत्यल्प असल्याने तेथे चक्रीवादळे सहसा होत नाहीत. वरच्या व खालच्या थरांतील वाऱ्यांत फार तफावत असली तर उभारलेली ही रचना कलते व विस्कटते. जमिनीवर आल्यावर बाष्पाचा पुरवठा तुटतो आणि वादळ ओसरते.

मातला नदीवरील बंदर

वादळापेक्षा त्याच्याबरोबर येणारी समुद्राची लाट अधिक घातक, हे पिडिंग्टन यांना माहीत होते. गोदावरीच्या मुखाजवळील कोरिंगा येथे डिसेंबर १७८९ मध्ये एकामागून एक तीन लाटांनी केलेल्या संहाराची नोंद त्यांनी आपल्या लेखनात केली आहे. हुगळी गाळाने भरत आहे या भीतीने सरकारने सुंदरबनातील मातला नदीवर नवे बंदर उभारण्याचे ठरवले, तेव्हा १८५३ साली त्यांनी गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांना उद्देशून एक पत्र छापून प्रसिद्ध केले. समुद्राची वादळी लाट मातलाच्या रुंद मुखातून थेट आत येईल व वसाहत पाण्याखाली जाईल, असा त्याचा आशय होता. सरकारने ते मनावर घेतले नाही.

पिडिंग्टन १८५८ साली कलकत्त्यात मरण पावले. बंदर झाले; लॉर्ड कॅनिंग यांचे नाव त्यास देण्यात आले व कलकत्त्याहून लोहमार्गही आला. ५ ऑक्टोबर, १८६४ च्या चक्रीवादळात हुगळीच्या काठी हजारो लोक मुख्यतः लाटेमुळे मेले. सरकारी हवामान खात्याची (१८७५) गरज पटण्यास जी संकटे कारण झाली, त्यांत याची गणना होते. नोव्हेंबर १८६७ मध्ये पोर्ट कॅनिंगची पाळी आली. हे वादळ १८६४ च्या मानाने लहान होते, तरी लाट गावावरून गेली आणि बंदराची मोठी हानी झाली. १८७२ साली बंदर सोडून देण्यात आले. अमिताव घोष यांच्या ‘द हंग्री टाइड’ (२००४) या कादंबरीत ही हकिकत आली आहे.