अंबिकातनयदत्त

कन्नड रसिकांनी ज्यांना ‘वरकवी’ म्हणून गौरविले, त्या दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांची घरची भाषा मराठी होती. ही गोष्ट आपल्याकडे सर्वांना ठाऊक असते. पण तिचा अर्थ काय, याचा विचार क्वचितच होतो.

बेंद्रे यांचा जन्म ३१ जानेवारी १८९६ रोजी धारवाड येथे झाला. घराणे मराठी मुलखातून येऊन कर्नाटकात स्थिरावलेले. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले आणि आई व आजी यांनी त्यांना वाढविले. पुढे कविता लिहू लागल्यावर त्यांनी ‘अंबिकातनयदत्त’, म्हणजे अंबिकेचा मुलगा दत्त, हे नाव घेतले. कवितेखाली नाव आईचे, पण भाषा आईची नव्हे. ती धारवाडच्या गल्लीबोळांतली, बाजारातली आणि लोकगीतांतली कन्नड. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते धारवाडला परतले व शिक्षक झाले. समानधर्मी मित्रांचा ‘गेळेयर गुंपू’ त्यांच्याभोवती जमला.

‘गरी’ या १९३२ च्या संग्रहातील ‘नरबली’ ही कविता इंग्रज सरकारला राजद्रोही वाटली. कवीला आपल्या बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या तुरुंगात राहावे लागले. त्यानंतर कित्येक वर्षे स्थिर नोकरी नव्हती. त्यातच घरात एकामागून एक अपत्ये दगावली. मूल गेल्यावर पत्नीच्या नजरेला नजर देऊ न शकणाऱ्या बापाची त्यांची कविता कन्नडमधील थोर शोककाव्यांत गणली जाते. दुःख स्वतःजवळ ठेवावे आणि त्यातून झालेले गाणे लोकांना द्यावे, असा त्यांचा बाणा होता.

१९४३ साली शिवमोग्याच्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले, आणि पुढच्याच वर्षी पोटासाठी गाव सोडावे लागले. १९४४ ते १९५६ ही बारा वर्षे त्यांनी सोलापूरच्या महाविद्यालयात कन्नड शिकविले. पूर्वजांची भाषा बोलणाऱ्या मुलखात हा मराठी घरातला माणूस कन्नडचा प्राध्यापक म्हणून राहिला! या दोन्ही भाषांपैकी एकीलाही त्यांनी परके मानले नाही. विठ्ठल संप्रदायावर त्यांनी मराठीत लेखन केले. ‘अरळु मरळु’ला १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला व ‘नाकु तंती’साठी १९७३ चे ज्ञानपीठ मिळाले. २६ ऑक्टोबर १९८१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आपल्या सीमाभागात भाषा म्हटली की हद्दीचा प्रश्न उभा राहतो. तो प्रश्न खोटा नाही, आणि एका कवीच्या चरित्राने तो सुटणारही नाही. परंतु मातृभाषा न टाकता दुसऱ्या भाषेचा इतका सखोल स्वीकार करता येतो, हे बेंद्रे यांनी आयुष्यभर जगून दाखविले. याच अंकाच्या कन्नड विभागाची पाने उलटताना आपण मराठी विद्यार्थ्यांनी एवढे जरी ध्यानात ठेवले, तरी पुष्कळ झाले.